डोंगरातला देवमासा

मराठी माणूस जायला निघाला की 'येतो' म्हणतो. चपला पायात, पिशवी खांद्याला, तोंड जिन्याकडे, आणि म्हणतो 'येतो'. ऐकणाराही 'या' म्हणतो आणि दार लावून घेतो. 'येतो म्हणालात ना, मग चाललात कुठे?' असं म्हणून एखाद्या यजमानानं पाहुण्याचा हात धरल्याचं अजून माझ्या ऐकिवात नाही. (धरत नाहीत तेच बरं. काही पाहुणे खरोखरच परत येतील.) दिवा आपण विझवत नाही, शांत करतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातलं मीठ संपत नाही, तेही वाढतं, आणि हे वाढलेलं मीठ आणायला घरातल्या धाकट्याला वाण्याकडे पिटाळावं लागतं. एखादा परका माणूस शब्दकोश घेऊन आपल्या माजघरात बसला, तर पहिल्याच संध्याकाळी त्याची खात्री पटेल की ही मंडळी उठल्यापासून निजेपर्यंत खोटं बोलतात.

बोलतात का? या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी डोकं चालवलेलं आहे. मला तो पडला कढईपाशी. तेही टोकियोत, डुकराच्या मांसाचे कटलेट तळताना. तत्त्वज्ञान सुचायला ही जागा फारशी शोभिवंत नव्हे, मान्य आहे. पण बोधिवृक्ष सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही, आणि टोकियोत जागेची टंचाई आहे.

गेली अकरा वर्षं आम्ही टोकियोच्या एदोगावा भागात राहतो. इथल्या निशी-कासाई स्टेशनाबाहेर घटकाभर उभं राहिलं की पाच-सहा भारतीय भाषा कानावर पडतात. त्यांत मधूनच मराठीही येते, आणि ती बहुतेक वेळा कोथिंबिरीच्या भावाबद्दल असते. आम्ही वरच्या मजल्यावर, मालकीणबाई खाली. जपानीत घरमालकाला 'ओओया' म्हणतात आणि आईबापांना 'ओया'. फरक फक्त 'ओ' लांबवण्याचा. आमच्या मालकीणबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. भाडं द्यायच्या दिवशी 'ओ' लांब होतो, एरवी आखूडच असतो. अशाच एका आखूड 'ओ'च्या दिवशी त्यांनी आम्हां दोघांना खाली बोलावून तोंकात्सू शिकवायला घेतला.

तोंकात्सू हे नाव ऐकून बिचकायचं कारण नाही. 'तोन' म्हणजे डुक्कर. 'कात्सू' म्हणजे 'कात्सुरेत्सू'चं शेपूट छाटून उरलेलं तोंड. आणि 'कात्सुरेत्सू' म्हणजे आपलं कटलेटच, जपानी जिभेवरून घसरलेलं. शिवाय 'कात्सू' या उच्चाराचा दुसरा एक अर्थ 'जिंकणे' असा होतो. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री जपानी आया मुलांना हा पदार्थ करून घालतात. आपल्याकडे हातावर दही घालतात, इथे डुक्कर घालतात. निकाल दोन्हीकडे साधारण सारखेच लागतात.

आता यात माझी अडचण अशी की आमचं घर माळकरी. आजोबांची माळ, वडिलांची माळ, आईच्या गळ्यात आजही माळ. माझ्या गळ्यात ती कधी पडली नाही, आणि याबद्दल घरात कुणी कधी एक शब्द बोललं नाही. मी जपानात काय खातो, याबद्दलही नाही. दर रविवारी वाईहून आईचा फोन येतो. 'आज काय केलंय जेवायला?' मी सांगतो, 'कटलेट.' ती म्हणते, 'बरं.' आता कटलेट म्हटल्यावर आमच्या आईच्या डोळ्यांपुढे बटाटा, गाजर, मटार आणि वरून रवा एवढंच उभं राहतं. निदान राहायला हरकत नाही. 'कशाचे?' असं तिनं अकरा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

"तू आईंशी खोटं बोलतोस," आमची सौभाग्यवती म्हणते. ती कोल्हापूरची, म्हणजे तांबड्या-पांढऱ्याच्या गावची. असल्या बाबतीत तिचं मन गंगेसारखं निर्मळ आहे.

"कटलेटला कटलेटच म्हणतात," मी म्हणतो.

यावर ती जे हसते त्याला कोल्हापुरात वेगळा शब्द आहे.

पण मी एकटा आहे का? ज्या देशानं हा पदार्थ केला, त्या देशानं या विद्येत जी प्रगती केली आहे ती पाहून माझा तर ऊर भरून येतो. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मूनं फर्मान काढलं की गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायचं नाही. कधी? तर चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत. म्हणजे चातुर्मासच हा, जरा ऐसपैस मापाचा. यादी नीट वाचलीत तर ध्यानात येईल की हरीण आणि रानडुक्कर तिच्यात नाहीत. फर्मान लिहिणारा कारकून कुणाचा तरी जावई असावा. पुढे बौद्ध धर्माचा पगडा वाढत गेला, नवी फर्मानं निघाली आणि चार पायांचं काहीही खाणं हे पाप ठरलं. ते थेट १८७२ पर्यंत. जवळजवळ बाराशे वर्षं.

आणि बाराशे वर्षं लोक खात होते. फक्त नावं बदलून. हरणाच्या मांसाला 'मोमिजी' म्हणायचं, म्हणजे मेपलची लाल पानं. घोड्याच्या मांसाला 'साकुरा', म्हणजे चेरीचा बहर. रानडुकराला 'बोतान', म्हणजे पिओनीचं फूल. ताटात फुलबागच. ससे मोजताना अजूनही पक्ष्यांचा प्रत्यय लावतात. लांब कान म्हणजे पंखच की, असा त्यामागचा युक्तिवाद सांगतात. पण या सगळ्यांत माझं आवडतं नाव 'यामा-कुजिरा'. हे रानडुकराचंच दुसरं नाव. 'यामा' म्हणजे डोंगर, 'कुजिरा' म्हणजे देवमासा. डोंगरातला देवमासा! मासे खायला बंदी नव्हती, देवमासा हा मासा, आणि हा बिचारा वाट चुकून डोंगरात आलेला. (देवमासा मुळात मासाच नव्हे, हे प्राणिशास्त्रवाल्यांचं म्हणणं आहे. म्हणजे हे पांघरूण अस्तरासकट होतं.)

हिरोशिगे या थोर चित्रकाराच्या 'एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं' या मालिकेत १८५८ सालचं बर्फाचं एक चित्र आहे. एदो म्हणजे जुनं टोकियो. चित्रात पूल, पांढरी छपरं, ओझं घेऊन चाललेला माणूस, आणि डाव्या हाताला ठसठशीत अक्षरांची भलीमोठी पाटी: 'यामा-कुजिरा'. पुलाचं नाव बिकुनी पूल. 'बिकुनी' हा आपल्या भिक्षुणीचाच जपानी अवतार. भिक्षुणींच्या पुलाशी रानडुकराची खानावळ, आणि कुणालाही काही कळलेलं नाही! समोरच्या बाजूला रताळी भाजून विकणाऱ्याची पाटी आहे. तिच्यावर 'तेरा कोस' असं लिहिलंय. जपानीत चेस्टनटला 'कुरी' म्हणतात, त्यात 'नऊ कोस' असाही अर्थ निघतो. 'पेक्षा' या अर्थाच्या 'योरी'त 'चार कोस' दडलेले असतात. नऊ आणि चार तेरा, म्हणजे चेस्टनटपेक्षा गोड. आपल्या उपवासाच्या पवित्र रताळ्यालासुद्धा स्वतःच्या नावानं रस्त्यावर उभं राहवेना, तर डुकराला काय नावं ठेवायची?

याखेरीज 'कुसुरीगुई' होतीच, म्हणजे औषध म्हणून खाणं. थंडी वाढली की एदोतले सभ्य गृहस्थ औषधाला बाहेर पडत. आपण यावर हसू नये. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली दारू प्यायचा जो परवाना मिळतो, तो आरोग्य टिकवण्यासाठी असतो. एवढं जपलेलं आरोग्य जगात दुसरीकडे नसेल. आणि आमच्या गावाकडे एक बुवा होते. मळ्यात बकरं पडलं की ते गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवत आणि पानावर बसत. जेवण झालं, हात-तोंड धुतलं, की माळ पुन्हा गळ्यात. कुणी छेडलंच तर शांतपणे विचारत, "माळेनं कुठं खाल्लं?"

याला मी खोटं म्हणायला तयार नाही. का, ते सांगतो, पण आधी कढई तापू द्या.

मालकीणबाईंची पद्धत अशी. मांसाचा तुकडा दीड-दोन सेंटिमीटर जाड. 'रोसू' घ्यायचा किंवा 'हिरे'. हिरे म्हणजे फिले, बिनचरबीचा मऊ तुकडा. टोकियोतला भाव पाहता नाव मराठीतही चालून जावं. बाई रोसूच्या पक्षाच्या. त्याला एका कडेनं चरबीची पांढरी किनार असते. किनार आणि मांस यांच्या सांध्यावर सुरीच्या टोकानं चार-पाच ठिकाणी टोचे मारायचे. न मारले तर तेलात पडल्याबरोबर ती किनार आखडते आणि तुकडा रुसलेल्या माणसासारखा वाकडा होतो. मग सुरीच्या पाठीनं हलकं ठोकायचं, मीठ-मिरपूड लावायची.

यानंतर तीन कपडे. पहिला मैद्याचा. लावायचा आणि झटकून टाकायचा, नुसती पावडर राहिली पाहिजे. मांसाच्या अंगचा ओलावा तो शोषून घेतो, नाहीतर पुढचा कपडा अंगावर ठरत नाही. दुसरा फेटलेल्या अंड्याचा, म्हणजे डिंक. तिसरा पावाच्या चुऱ्याचा. या चुऱ्याला 'पांको' म्हणतात. 'को' म्हणजे पूड, आणि 'पान' म्हणजे आपला पाव. अगदी तोच. पोर्तुगीज एकच शब्द गोव्यात उतरवून तसेच पुढे जपानला गेले. आपल्याकडे त्याचा पाव झाला, इथे पान. चुरा मात्र आपल्या टोस्टच्या पुडीसारखा बारीक नसतो. मोठा, हलका, किसलेल्या खोबऱ्यासारखा असतो. तो दाबून बसवायचा नाही. बाळाला निजवताना थोपटतात तसं थोपटायचं.

तेल साधारण एकशे सत्तर अंशांचं. अंश मोजायला बाईंकडे काही नाही. चुऱ्याची चिमूट टाकतात. ती अर्ध्यापर्यंत बुडून वर आली की तेल झालं. आमची आई पुऱ्यांच्या वेळी पिठाची गोळी टाकते, तीच परीक्षा. तुकडा सोडला की पहिल्यांदा धो धो पावसासारखा आवाज होतो आणि मोठाले बुडबुडे उठतात. इथे आपला हात शिवशिवतो. झाऱ्यानं ढोसावंसं वाटतं, उलटवून पाहावंसं वाटतं. "सावारानाइ!" बाई ओरडतात. म्हणजे हात लावायचा नाही. एरवी त्या इतक्या हळू बोलतात की भाडं वाढवलेलं आम्हाला दोन दिवसांनी कळतं. मग हळूहळू बुडबुडे लहान होतात, आवाज चढत चढत बारीक होतो, पाऊस ओसरल्यासारखा. आतलं पाणी कमी झाल्याची ती खूण. एकदाच उलटवायचा. पाच-सहा मिनिटांनी काढून जाळीवर उभा करायचा. आडवा ठेवला तर खालची बाजू घामेजते. आणि तीनेक मिनिटं नुसतं थांबायचं, उरलेलं शिजणं तो स्वतःच्या ऊबेवर पुरं करतो. मग धारदार सुरीनं बोटाएवढ्या पट्ट्या. सुरी बसताना जो आवाज येतो त्याला जपानीत 'साकू-साकू' म्हणतात. 'कारी-कारी' हा आवाज वेगळा. पहिला खुसखुशीत, दुसरा कुरकुरीत. या बाबतीत दोन्ही भाषांचे दात शाबूत आहेत.

सोबत केसासारखा बारीक चिरलेला कच्चा कोबी, मोहरी, दाट आंबटगोड सॉस, भात आणि मिसोचं सार. हे सगळं चॉपस्टिक्सनी खाता यावं म्हणूनच पट्ट्या आधी कापायच्या. युरोपी कटलेट थोड्या लोण्यावर परतत आणि काट्या-सुरीनं खात. गिन्झात १८९५ साली निघालेल्या 'रेंगातेई' या उपाहारगृहानं १८९९ पासून ते तेम्पुरासारखं भरपूर तेलात सोडायला सुरुवात केली. उपाहारगृह अजून चालू आहे. पुढे त्याच्या पट्ट्या झाल्या, शेजारी भात आला, आणि साहेबाचं कटलेट जपानी घरात मांडी घालून बसलं.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. या सगळ्या तळणीत मांसाला तेल भेटतच नाही. तळला जातो तो कपडा. एकशे सत्तर अंशांचा जाळ तो सोसतो. आत मांस स्वतःच्या ओलाव्यात वाफेवर शिजत असतं, आणि अंगात पाणी आहे तोवर ते शंभर अंशांच्या वर जात नाही. बिनकपड्याचा तुकडा त्याच तेलात टाकून पाहा, चामडं होतं. हे मला कळलं तेव्हा मी झारा हातात धरून घटकाभर स्तब्ध उभा होतो. (हात लावायचा नव्हताच.) 'येतो' म्हणणारा माणूस हेच करत नाही का? जाण्याला जाणं म्हटलं तर दारातल्या दोघांनाही चटका बसेल, म्हणून शब्दाला थोडा मैदा लावायचा. आणि जपानी माणूस तर घरातून निघताना 'इत्ते-किमासु' म्हणतो, म्हणजे 'जाऊन येतो'. तो निदान जाणं कबूल करतो. कपडा जरा झिरझिरीत.

आता धर्मराजाकडे येऊ. अश्वत्थामा मेला असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि हत्ती की माणूस ते हळूच म्हणाला. जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली आला. का आला? शब्द तर सगळे खरे होते. मला वाटतं, आला तो द्रोणाचार्यांना ठाऊक नव्हतं म्हणून. खोट्याला एक न जाणणारा माणूस लागतो. त्याला कळलं की खोटं मेलं. पांघरुणाचं उलट आहे. ते दोघांनाही ठाऊक असल्याशिवाय टिकतच नाही. डोंगरात देवमासे राहतात असं एदोतल्या एकाही माणसाला वाटत नव्हतं. विकणाऱ्याला ठाऊक, खाणाऱ्याला ठाऊक. तसंच आमचं कटलेट. आई 'कशाचे' म्हणून विचारत नाही, आणि न विचारायला आधी ठाऊक असावं लागतं. अज्ञानी माणूस विचारून मोकळा होतो.

हा सिद्धांत मी मोठ्या समाधानानं घरात मांडला.

"म्हणजे दोघांनी मिळून बोललेलं खोटं," कोल्हापूर म्हणालं.

मी गप्प बसलो. पुढे काही दिवसांनी मला स्वतःलाच त्याहून मोठी अडचण दिसली. पांघरूण दोघांना पुरतं. पण तिथे तिसरा कुणी असेल तर?

जानेवारी १८७२ मध्ये सम्राट मेइजीनं गोमांस खाल्लं आणि ते जगाला कळू दिलं. नवा जपान, नवी सुधारणा. पुढच्याच महिन्यात दहाएक व्रतस्थ साधू राजवाड्यात घुसले. परदेशी आले, मांस आलं, भूमी बाटली, असं त्यांचं म्हणणं होतं. पहारेकऱ्यांशी झटापट झाली, त्यांतले निम्मे तिथेच मेले. त्याच वसंत ऋतूत सरकारनं आणखी एक हुकूम काढला: भिक्षूंनी यापुढे मांस खावं, लग्न करावं, केस वाढवावेत, त्यांची मर्जी. बाराशे वर्षांचं पांघरूण सरकारनं एका वर्षात ओढून काढलं आणि घडी घालून ठेवलं. मेलेल्या साधूंचं मला वाईट वाटतं. डोंगरातल्या देवमाशावर मनापासून विश्वास असलेली माणसं, असलीच तर, ती तेवढीच.

पण तिसरा तोही नव्हे. जनावर कापणारे, सोलणारे, कातडी कमावणारे म्हणून काही लोक जपानात पिढ्यान्‌पिढ्या वेगळे टाकलेले होते. त्यांचं नाव ज्या अक्षरांनी लिहीत त्यांचा अर्थ होतो 'खूप घाण'. ज्यांचे हात जनावराला लागत ते बाटलेले, आणि ज्यांचे दात लागत ते शुद्ध. खाणाऱ्यासाठी मेपलची पानं होती, चेरीचा बहर होता. कापणाऱ्यासाठी भाषेला एक फूल सापडलं नाही. १८७१ साली, सम्राटाच्या त्या गोमांसाच्या थोडं आधी, हा भेद कायद्यानं संपला. कायद्यानं. टोकियोत शिनागावा स्टेशनाजवळ शिबाउराचा मोठा मांस बाजार आहे, कत्तलखान्यासकट. तिथल्या माहिती दालनात, कामगारांना आलेली शिवीगाळीची निनावी पत्रं मांडून ठेवली आहेत. तीही आपल्या काळातली. पत्र लिहिणाऱ्यानं ते पेटीत टाकलं, हात झटकले. त्या संध्याकाळी तो काय जेवला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आपण परक्या देशाबद्दल बोलतो आहोत तोवर हे सोपं आहे. आपल्याकडे आडनाव विचारतात, इथे पत्ता विचारतात, एवढाच काय तो फरक. 'दिवा विझला' म्हणताना जी मराठी जीभ अडखळते, ती वेशीबाहेरच्या माणसाला हाक मारताना कधी अडखळली होती? 'येतो' म्हणणाऱ्याच्या पायांतल्या चपला कुणी शिवल्या होत्या, आणि त्याच्यासाठी आपण कोणता शब्द वाढवला होता?

मालकीणबाईंना मी एकदा कोबी चिरताना सहज शिबाउराबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "तेल तापलंय." तेल गॅसवर ठेवलेलंही नव्हतं. मी विषय सोडला. आठ-दहा मिनिटांनी त्या आपणहून म्हणाल्या, "माझ्या धाकट्या दिराचं एक लग्न ठरता ठरता मोडलं. मुलीच्या पत्त्यावरून. आम्हीच चौकशी करवली होती." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मुलगी चांगली होती." त्या दिवशी कोबी नेहमीपेक्षा फार बारीक चिरला गेला.

यावर सौभाग्यवती हसली नाही. मीही सिद्धांत पुन्हा मांडला नाही. टाकून मात्र दिलेला नाही. दोघांतलं पांघरूण मला अजून हवंसं वाटतं, फक्त ते घालताना कुणाचे पाय उघडे पडतात हे वाकून बघायची सवय लागली आहे. ती कमरेला बरी नाही.

गेल्या एप्रिलमध्ये आई टोकियोला आली. चेरीचा बहर पाहिला. ('साकुरा' म्हणजे आणखी काय, ते मी सांगितलं नाही.) मालकीणबाईंनी जेवायला बोलावलं. आई माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, एवढं सौभाग्यवतीनं आधी जाऊन समजावलं होतं. बाईंनी चष्मा लावून पांकोच्या तीन पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली आणि तिसरं निवडलं. आईसाठी 'कोरोक्के' केले, म्हणजे उकडलेल्या बटाट्याचे गोल कटलेट. अंड्याऐवजी मैदा पाण्यात दाटसर कालवून त्यात बुडवले, वरून तोच पावाचा चुरा. आमच्यासाठी तोंकात्सू. पानं मांडली तेव्हा सगळं एकाच सोनेरी रंगाचं. आकारापलीकडे कळायला काही मार्ग नाही.

बाईंनी हात जोडून 'इतादाकिमासु' म्हटलं. शब्दाचा अर्थ नम्रतेनं घेते, स्वीकारते, असा काहीसा आहे. कुणाकडून, ते शब्दात नाही. आईनंही हात जोडले आणि पुटपुटली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहून हसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, त्यामुळे त्यांचं फार चांगलं जमतं.

आईनं कोरोक्केचा तुकडा मोडला. खाल्ला. 'छान झालेत' म्हणाली. मग माझ्या ताटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझ्या हातातल्या चॉपस्टिक्स तिथल्या तिथे राहिल्या. सौभाग्यवती पाणी आणायला म्हणून उठली आणि पाणी टेबलावरच होतं.

"तेल वेगळं होतं ना?" आईनं विचारलं.

मी ओट्याकडे पाहिलं. मालकीणबाईंना मराठीचं अक्षर कळत नाही. पण त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, वळल्या, आणि बोटानं दाखवलं: ही एक कढई, आणि ती, पलीकडे, दुसरी.

"वेगळं होतं," मी म्हणालो.

"बरं," आई म्हणाली. "मग खा. गार होतंय तुझं."